आपापल्या जबाबदारीवर



नामनिर्देशनावरील गेल्या लेखानंतर अनेक वाचकांची पत्रे आली. त्यांपैकी एका पत्राने मला अस्वस्थ केले. पत्र लिहिणारे गृहस्थ धान्याचे व्यापारी आहेत. बाजारपेठेत त्यांची स्वतःची इमारत आहे आणि तळमजल्यावरील गाळे त्यांनी भाड्याने दिले आहेत. त्यांतील एका गाळ्यात रात्री चोरी झाली व आता भाडेकरू नुकसानभरपाई मागत आहे. ते विचारतात, ‘चोरी चोराने केली, मग भरपाई मी का द्यावी?’ प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र तितके सरळ नाही. आणि ते लिहिण्यापूर्वी मला माझीच एक हकिगत सांगितली पाहिजे. ती झाकून ठेवून इतरांना सल्ला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्या गावी वडिलार्जित घर आहे. खाली दोन दुकाने, माडीवर तीन बिऱ्हाडे. माडीवरच्या मधल्या खोल्यांत एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. एका वर्षी श्रावणात भाडे देताना त्या म्हणाल्या, “भाऊ, जिन्याच्या दाराची कडी निखळली आहे. रात्री दार नुसते लोटून ठेवावे लागते. जिन्यातला दिवाही गेला आहे.” मी म्हणालो, “ताई, पर्युषण होऊ द्या, लगेच सुतार पाठवतो.” पर्युषण झाले. क्षमापनेच्या दिवशी प्रथेप्रमाणे मी सर्वांना हात जोडले, त्यांनाही जोडले. त्यांनी हसून पुन्हा कडीची आठवण दिली. मी पुन्हा “हो” म्हणालो. अश्विनात त्या दोन रात्री मुलीकडे गेल्या असताना चोर त्या उघड्या दारातून वर चढले. अंधाऱ्या जिन्यात त्यांना कोणी पाहिले नाही. खोलीचे कुलूप तोडून मुलीच्या मुलीसाठी जपून ठेवलेले दागिने त्यांनी नेले. पोलिसांत फिर्याद झाली, पंचनामा झाला, दागिने मात्र मिळाले नाहीत.

मला अधिक लाज वाटली ती दुसऱ्याच कारणाने. बँकेच्या नोकरीत अनेक वर्षे मी तारण गोदामांची तपासणी केली होती. गोदामाची खिडकी कशी आहे, दाराची कडी पक्की आहे का, कुलूप बँकेचेच आहे का, रात्रीचा पहारेकरी खरोखर असतो का, हे सारे मी स्वतः पाहत असे. एखाद्या गोदामाची कडी सैल दिसली तर अहवालात तसे नोंदवून ती दुरुस्त होईपर्यंत कर्जाची पुढील उचल मी थांबवीत असे. दुसऱ्याच्या दाराची कडी तपासण्याचा पगार मी आयुष्यभर घेतला आणि स्वतःच्या दाराची कडी दोनदा सांगूनही बसवली नाही.

मी काही रक्कम देऊ केली. बाई म्हणाल्या, “पैसे नकोत भाऊ. दाराचे तेवढे बघा.” सुतार दुसऱ्याच दिवशी आला. अर्ध्या तासाचे काम होते.

त्यानंतर या विषयावरचे निकाल व कायदे मी जमतील तसे वाचले. कायदा मालकाला चोराच्या जागी उभा करीत नाही, पण तो मालकाला तीन प्रश्न विचारतो. वस्तू कोणाच्या ताब्यात होती? धोका मालकाला ठाऊक होता का, किंवा ठाऊक असायला हवा होता का? आणि सामान्य शहाणा माणूस जी काळजी घेतो ती त्याने घेतली का?

ताबा कोणाकडे?

हॉटेलच्या वाहनतळावर, मंगल कार्यालयाच्या सामानघरात, दवाखान्याच्या आवारात एक पाटी आपण नेहमी पाहतो: ‘आपापल्या जबाबदारीवर ठेवावे.’ पाटी लावली की जबाबदारी संपली, असा आपला समज असतो. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ‘ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स’ या प्रकरणात हा समज खोडून काढला. घटना १९९८ सालची, दिल्लीची. एक पाहुणा आपली मारुती झेन घेऊन हॉटेलात आला, चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि आत गेला. मध्यरात्रीनंतर बाहेर येऊन पाहतो तो गाडी दुसराच कोणी घेऊन गेलेला. विमा कंपनीने गाडीची रक्कम पाहुण्याला दिली आणि मग त्याच्यासह हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागितली. हॉटेलने दोन बचाव मांडले. चोरी परक्याने केली हा एक, आणि पाहुण्याला दिलेल्या पावतीवरच ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते हा दुसरा.

न्यायालयाने दोन्ही बचाव फेटाळले. याचा आधार १८७२च्या भारतीय करार कायद्यात आहे. विश्वासाने सोपवलेली वस्तू सांभाळणाऱ्याने, तशीच व तेवढ्याच किमतीची आपली स्वतःची वस्तू सामान्य शहाणा माणूस जशी सांभाळील तशी ती सांभाळावी, असे त्याचे कलम १५१ सांगते. तेवढी काळजी घेतली असेल तर वस्तू गेली तरी सांभाळणारा दोषी नाही, असे पुढचे कलम सांगते. चावी हाती घेताच गाडी हॉटेलच्या ताब्यात आली. ती परत देता आली नाही, तेव्हा निष्काळजीपणा झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार हॉटेलवर पडला. छापील पावतीच्या आड लपून स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणातून सुटता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ‘गेलेल्या प्रत्येक गाडीची भरपाई हॉटेलने द्यावी’ असे मात्र न्यायालय म्हणाले नाही. काळजी घेतल्याचा पुरावा देण्याची वाट हॉटेलला मोकळी होती. हा फरक व्यापाऱ्याने नीट लक्षात ठेवावा.

बँकेच्या लॉकरबाबत असाच निकाल १९ फेब्रुवारी २०२१ रोजी लागला. कोलकात्यातील एका कुटुंबाचा लॉकर, भाडे थकल्याचे कारण दाखवून बँकेने १९९४ साली ग्राहकाला न कळवता फोडला. प्रत्यक्षात भाडे भरलेले होते. ग्राहकाच्या म्हणण्याप्रमाणे आत सात दागिने होते, परत मिळाले दोन. न्यायालयाने बँकेला ५ लाख रुपये भरपाई आणि १ लाख रुपये खर्च देण्यास सांगितले. ‘लॉकरमध्ये काय आहे हे आम्हाला माहीत नसते, म्हणून आमची जबाबदारी नाही’ असे बँकेला म्हणता येणार नाही, हेही बजावले आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. त्यानुसार १८ ऑगस्ट २०२१ रोजी नियम आले व १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटीइतके ठरले. लॉकरच्या खोलीत ये-जा करणाऱ्यांचे कॅमेऱ्यातील चित्रण किमान १८० दिवस जपून ठेवणेही बँकांना बंधनकारक झाले.

इथे एक हिशेब करावा. लॉकरचे वार्षिक भाडे ३,००० रुपये असेल तर शंभर पट म्हणजे ३ लाख. आपल्या घरांतील किती लॉकरमधले सोने तेवढ्यात बसेल? बँक आतील वस्तूंचा विमा उतरवीत नाही. तो आपल्यालाच वेगळा उतरवावा लागतो. तेव्हा बँकेच्या जबाबदारीला मर्यादा आहे हे समजून दागिन्यांची यादी, छायाचित्रे आणि सराफाची बिले घरी जपून ठेवावीत.

ताब्याच्या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. २००५ साली रेल्वेतून प्रवास करणाऱ्या एका गृहस्थाचे कमरेच्या पट्ट्यात बांधलेले १ लाख रुपये चोरीला गेले. ग्राहक मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल त्यांच्या बाजूने लागला होता. १५ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. जी रक्कम रेल्वेकडे सोपवलीच नव्हती, प्रवाशाने स्वतःच्या अंगावर ठेवली होती, तिच्या चोरीला रेल्वेच्या सेवेतील त्रुटी म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. रोकड कमरेला बांधून प्रवास करण्याची सवय आपल्या व्यापारी घरांत अजून गेलेली नाही. त्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

धोका ठाऊक होता का?

माझी हकिगत आणि पत्रलेखकाचा प्रश्न मात्र या तिन्ही उदाहरणांत बसत नाहीत. भाडेकरूचा माल किंवा दागिने घरमालकाच्या ताब्यात नव्हते. घरमालकाच्या ताब्यात होते ते दार, तो जिना आणि तो दिवा. तिथे दुसरा प्रश्न पुढे येतो.

या प्रश्नाचा जगभर दाखला दिला जातो तो निकाल अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराचा, १९७० सालचा आहे. ५८५ सदनिकांची एक मोठी इमारत होती. १९५९ साली एक स्त्री तिथे भाड्याने राहायला आली, तेव्हा मुख्य दारावर अहोरात्र द्वारपाल असे व स्वागतकक्षात माणूस बसे. पुढील सात वर्षांत एकेक व्यवस्था कमी होत गेली. मुख्य दारावरचा द्वारपाल गेला, कक्ष बऱ्याचदा रिकामा राहू लागला, बाजूची दारे उघडी राहू लागली. इमारतीत हल्ले व चोऱ्या वाढल्या आणि मालकांना ते ठाऊक होते. नोव्हेंबर १९६६ मध्ये सामाईक मार्गिकेत त्या स्त्रीवर हल्ला झाला व तिला लुटले गेले. त्याच मार्गिकेत दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका भाडेकरू स्त्रीवर असाच हल्ला झाला होता.

अपील न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले. त्यामागचा विचार आपल्याला सहज पटण्याजोगा आहे. खोलीच्या आतले कुलूप भाडेकरू बसवू शकतो, पण जिना, मार्गिका आणि मुख्य दार त्याच्या हाती नसते. ते केवळ मालकाच्या हाती असते. ज्याच्या हाती उपाय आहे आणि ज्याला धोका ठाऊक आहे, त्याने वाजवी उपाय केला पाहिजे. मालक हा भाडेकरूंचा विमा कंपनी नव्हे, हेही त्याच न्यायालयाने सांगितले. अमेरिकेत अशा दाव्यांची पुढे मोठी परंपरा निर्माण झाली. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही आणि आपल्याकडे घरमालकावर असे दिवाणी दावे क्वचितच होतात. पण निष्काळजीपणाचे मूलतत्त्व आपल्याही कायद्यात तेच आहे.

शिवाय आपल्या कायद्याने एक नेमके कर्तव्य लिहूनच ठेवले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम १४ घरमालकाला भाड्याची जागा चांगल्या व राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवण्यास बांधून घेते. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. निखळलेली कडी ही माझ्या मते दुरुस्तीच आहे. आमच्या बाईंनी मला नोटीस दिली नव्हती. त्यांनी मला भाऊ म्हणून दोनदा सांगितले होते. कायद्याच्या दृष्टीने लेखी नोटिशीचे वजन अधिक, पण ज्याला सांगितले त्याला धोका ठाऊक झाला, एवढे तर दोन्हींत सारखेच.

काळजी घेतली का?

आता तिसरा प्रश्न, आणि तो आपल्या सर्वांच्या इमारतींना, गोदामांना, दुकानांना व समाजाच्या कार्यालयांना लागू आहे. ‘सामान्य शहाण्या माणसाची काळजी’ म्हणजे काय? प्रत्येक दाराशी बंदूकधारी पहारेकरी ठेवावा असे कोणीच म्हणत नाही. मी पूर्वी गोदाम तपासताना जी यादी मनात ठेवीत असे, तीच थोड्या फरकाने येथे देतो.

सामाईक दार, जिना आणि आवार यांतील कुलूप, कडी व दिवा महिन्यातून एकदा स्वतः पाहावेत, शक्यतो रात्री. दिवसा पाहिलेल्या जिन्यातला अंधार दिसत नाही. भाडेकरूंनी सांगितलेल्या तक्रारींची एक साधी वही ठेवावी. तिच्यात तक्रारीची तारीख, केलेला उपाय व त्याची तारीख लिहावी. उपाय करणाऱ्या मालकाला ही वही वाचवते. उपाय न करणाऱ्याविरुद्ध तीच पुरावा होते, म्हणून काही जण ती ठेवायला भितात. अशांनी वहीऐवजी आपल्या सवयीची चिंता करावी.

पहारेकरी संस्थेमार्फत नेमायचा असेल तर तिचा परवाना पाहून नेमावा. खासगी सुरक्षा संस्थांना २००५च्या केंद्रीय कायद्याखाली परवाना सक्तीचा आहे. विनापरवाना संस्था चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पहारेकऱ्याला १०० तास वर्गातील व ६० तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असावे, असे केंद्राच्या आदर्श नियमांत म्हटले आहे. आपण मात्र बहुधा कोणाच्या तरी ओळखीचा, दिवसभर दुसरीकडे राबून आलेला म्हातारा माणूस स्वस्तात मिळाला म्हणून फाटकाशी बसवतो, आणि काही घडले की ‘वॉचमन झोपला होता’ असे म्हणतो. झोपणे त्याचे होते, पण त्याला तिथे बसवणे आपले होते.

नवा भाडेकरू ठेवताना त्याची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश अनेक शहरांत वेळोवेळी निघतात. ते मोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा आहे. ही माहिती देणे म्हणजे कोणावर संशय घेणे नव्हे. इतर भाडेकरूंप्रती ते आपले कर्तव्य आहे.

विम्याचे कागद एकदा शांतपणे वाचावेत. घरफोडीच्या पॉलिसीत बहुधा ‘बळाचा वापर करून प्रवेश’ अशी अट असते. २००४ साली एका व्यापारी पेढीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट शब्दशः लागू केली. आत शिरताना बळाचा वापर झाल्याचे दिसले नाही, म्हणून दावा नामंजूर झाला. याचा व्यवहारातील अर्थ असा की दार उघडे राहिले तर चोर तर येतोच, शिवाय विमाही हातचा जाऊ शकतो. म्हणून कुलूपबंद दार, तोडलेल्या कुलपाची छायाचित्रे आणि तत्काळ केलेली फिर्याद यांना मोल आहे.

समाजाच्या वाड्या, धर्मशाळा आणि मंगल कार्यालये सांभाळणाऱ्या विश्वस्तांना एक विनंती. लग्नघरचे सामान खोलीत ठेवून चावी आपल्या व्यवस्थापकाकडे राहत असेल, तर भिंतीवरच्या पाटीवर विसंबू नका. शक्य असेल तिथे खोलीचे कुलूप यजमानाचे व चावीही त्याच्याकडेच असू द्या. चावी आपण घेणार असाल, तर पावती द्या आणि चावी कोणाच्या हाती आहे याची नोंद ठेवा. जबाबदारी घ्यायची नसेल तर ताबाही घेऊ नये, आणि ताबा घेतला तर जबाबदारी घेतली असे समजावे.

आता पत्रलेखकांच्या प्रश्नाकडे येतो. ‘मी भरपाई का द्यावी?’ असे त्यांनी विचारले आहे. त्यांच्या भाडेकरूने दावा लावला तर निकाल काय लागेल, हे मी सांगू शकत नाही. भाडेकराराचे कागद व पोलिसांचा पंचनामा घेऊन त्यांनी वकिलांना भेटावे. पण त्यांच्याच पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, जी लिहिताना तिचे महत्त्व त्यांच्या लक्षात आले नसावे. ते लिहितात, ‘मागच्या सामाईक दाराचे कुलूप बिघडल्याचे तो दोनतीनदा बोलला होता, पण हंगामामुळे राहून गेले.’ वरील तीन प्रश्नांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात दिलेले आहे. म्हणून माझा सल्ला असा की प्रकरण न्यायालयात जाण्याची वाट न पाहता त्यांनी भाडेकरूला दुकानात बोलावून समोरासमोर बसावे. त्याचा विमा आहे का, विम्यातून किती मिळेल, उरलेल्यातील किती वाटा आपण भाड्यातून किंवा रोख उचलू शकतो, हे ठरवून लिहून घ्यावे. आणि त्याला बोलावण्यापूर्वी ते कुलूप बदलून घ्यावे.

आपल्या परंपरेत प्रमाद हा शब्द आहे. माझ्या दृष्टीने त्याचा साधा अर्थ असा: करायला हवे हे ठाऊक असून, हाती असून, आज नको म्हणून पुढे ढकललेले काम. मी बाईंचे दागिने चोरले नव्हते. क्षमापनेच्या दिवशी त्यांच्यासमोर हात जोडले, त्याच क्षणी खरे तर सुतारही बोलावायला हवा होता. बाई पुढे चार वर्षे आमच्याच घरात राहिल्या. दागिन्यांविषयी त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. दर महिन्याला भाडे द्यायला खाली येत आणि परत जाताना जिन्याचे दार ओढून, कडी लावून, ती बसल्याचा आवाज ऐकून मगच वर जात. तो आवाज मला माझ्या खोलीत ऐकू येत असे.